नापास वाळू

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, लोधिवलीच्या जरा अलीकडे, माझा रेती-खडीचा डेपो आहे. तीस वर्षं मी वाळू विकतो. मुठीत दाबून सोडली की तळहाताला किती माती चिकटते त्यावरून ती स्लॅबची की प्लास्टरची ते सांगतो. तरीही शंका राहिली तर चिमूटभर दाताखाली धरतो. चांगली वाळू करकर वाजते. माती मिसळलेली वाळू वाजत नाही, दाताला लेपासारखी बसते. मग मी थुंकतो आणि गाडी परत पाठवतो.

हे मी गिऱ्हाइकांसमोर करतो, त्याचा त्यांच्यावर चांगला परिणाम होतो. घरच्यांवर होत नाही. मुलगी सातवीत असताना मैत्रिणींबरोबर डेपोवरून चालली होती, आणि नेमका मी तेव्हा वाळू चावत होतो. मैत्रिणींनी विचारलं तेव्हा तिने 'इथे काम करणारे काका आहेत' असं सांगितलं. तसं ते खरंही होतं.

या धंद्यातला माझा एकच नियम आहे: बारीक वाळूवर विश्वास ठेवू नये. बारीक वाळूत माती लपते, सिमेंट जास्त लागतं, आणि चार वर्षांनी भेगा पडल्या की लोक वाळूवाल्याचं नाव घेतात. बारीक वाळूच्या किती गाड्या मी परत पाठवल्या त्याचा हिशेब नाही. एक गाडीवाला तर 'परत नेणार नाही' म्हणून डेपोच्या मागेच माल ओतून निघून गेला. त्या ढिगावर मी ताडपत्री टाकली. गेली सात-आठ वर्षं तो ढीग तिथेच आहे, कडेने टाकळा उगवतो, आणि नवीन कामगाराला वाईट वाळू कशी असते ते दाखवायला उपयोगी पडतो.

यंदा जूनमध्ये मुंबईतल्या मेव्हण्याची बदली झाली आणि त्याने त्याचा पाण्यात राहणारा, सरड्यासारखा अ‍ॅक्सोलॉटल माझ्या मुलीला दिला. ती बारावी सायन्सला आहे, कर्जतला कॉलेजला जाते. मेव्हणा स्वतः गाडीतून सगळं घेऊन आला: काचेची टाकी, फिल्टर, पाण्यात टाकायचा थर्मामीटर, टाकीवर लावायचा पंखा. टाकीतली वाळू तेवढी त्याने मुंबईलाच टाकून दिली होती, कारण वजन फार झालं असतं. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे झालं.

प्राणी वीतभर लांब होता. रंग दुधात कुंकू सांडल्यासारखा, मानेच्या दोन्ही बाजूंना लाल तुरे, चार पाय, डोळ्यांना पापण्या नाहीत, आणि तोंडावर कायमचं हसू. आमच्या घरात माझी आई, बायको, मुलगी आणि मी असे चौघे. चौघेही टाकीसमोर उभे राहिलो. आईने सत्तर वर्षं भातशेती केली आहे, खाचरात तिने बरंच काही पाहिलं आहे. ती वाकून बघत म्हणाली, ''ह्याचं अजून व्हायाचं बाकी हाय.''

मुलीने सांगितलं की आजीचं बरोबर आहे. बेडकाचं पिल्लू मोठं होऊन बेडूक होतं, तसा हा कधीच काही होत नाही. पिल्लूच राहतो आणि तसाच म्हातारा होतो.

''असतात काही,'' बायको माझ्याकडे बघून म्हणाली.

टाकीचा तळ म्हणजे नुसती काच. त्या काचेवर त्याचे पाय घसरायचे. तेल सांडलेल्या फरशीवर माणूस चालतो तसा तो चालायचा, आणि थोडं चालून कोपऱ्यात जाऊन बसायचा. मुलगी म्हणाली, त्याला पायाखाली धरायला काही नाही म्हणून ताण येतो. मग एका रविवारी मी पेपर वाचत असताना ती समोर येऊन उभी राहिली.

''बाबा, ह्याला खाली कोणती वाळू घालू?''

सतरा वर्षांत तिने मला अभ्यासातलं विचारलं नव्हतं, कारण मला ते येत नाही, आणि धंद्यातलं विचारलं नव्हतं, कारण तिला त्यात रस नाही. मला फार आनंद झाला. मी पेपरची नीट घडी घातली, जसं काही हा प्रश्न मला रोजच विचारला जातो.

संध्याकाळी मी डेपोवरून सहा कपांत सहा नमुने आणले आणि ओट्यावर ओळीने मांडले. एकेकाची माहिती सांगू लागलो. तिसऱ्या कपाला तिने मला थांबवलं.

''बाबा, एकदम बारीक हवी. रव्याहून बारीक. नाहीतर काहीच नको. सगळीकडे असंच लिहिलंय.''

''सगळीकडे म्हणजे कुठे?''

''नेटवर.''

''नेटवाल्यांनी किती गाड्या उतरवल्यात?''

खरं तर ते उत्तर देण्यासारखं वाक्यच नव्हतं, पण तेव्हा मला ते फार जोरदार वाटलं. मी तिला समजावलं, बारीक वाळूत माती असते, पाणी गढूळ होतं, पाय रुततात. पोटच्या मुलीच्या जनावराखाली मी बारीक वाळू घालणं म्हणजे सोनाराने घरच्या लग्नात पितळ देण्यासारखं होतं. मी सहावा कप पुढे केला. त्यात बंगलेवाले बागेतल्या वाटांवर घालतात ते गोल, गुळगुळीत, नदीतले खडे होते. त्यातले सगळ्यांत लहान, हरभऱ्याएवढे मी निवडून आणले होते. धुतल्यावर ते फारच सुंदर दिसत होते.

तिची चाचणी परीक्षा चालू होती, वाद घालायला तिला वेळ नव्हता.

''बाबा, नक्की ना?''

''नक्की,'' मी म्हटलं.

खडे घातल्यावर टाकीला शोभा आली. तो त्यांवरून घसरत नव्हता. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला टाकी दाखवू लागलो, आणि दाखवताना खाली बोट करू लागलो. लोक वरच्या प्राण्याकडे बघायचे, हा त्यांचा दोष.

परीक्षेमुळे त्याला खायला घालायचं काम माझ्याकडे आलं होतं. आमच्या परसात गांडुळं भरपूर. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी मी चिमट्याने एक गांडूळ आत सोडलं, ते सुटून खड्यांवर पडलं. हा प्राणी चावत नाही. तोंड उघडतो आणि समोरचं पाणीच आत ओढतो. पाण्यात जे असेल ते जातं. त्याने ओढलं. गांडूळ गेलं, आणि त्याच्याबरोबर एक पांढरा खडा गेला. मी स्पष्ट पाहिलं. त्याने तोंड मिटलं आणि हसत राहिला.

मी पाच मिनिटं वाट पाहिली. खडा बाहेर आला नाही. आई मागे बसून उपासाला भगर निवडत होती. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, ''आई, जनावराने खडा गिळला तर काय होतं गं?''

''कंचं जनावर?''

''असंच. कुठलंही.''

''कोंबडी नाय का खडं टिपत? त्याबिगर दाना पचत नाय तिला.''

माझ्या मनावरचा भार उतरला. कोंबडीला खडे लागतातच, हे मीही लहानपणापासून बघत आलो होतो. खडे संपले की कोंबड्या हिंडून शोधून खातात. तेव्हा याच्याही पचनाला मदतच होईल, असं मी ठरवलं आणि डेपोवर गेलो. मुलीला सांगितलं नाही. परीक्षेत उगीच कशाला, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण मी तिला दिलेलं 'नक्की' हे होतं.

मंगळवारी त्याने गांडूळ घेतलं नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी मी दुपारी जेवायला घरी आलो तर मुलगी परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आली होती आणि टाकीसमोर खाली बसली होती. तो पाण्यावर तरंगत होता. पोट फुगलेलं, एक बाजू वर आलेली, आणि तुरे मागे चिकटलेले. तळाला जायला पाय मारत होता आणि परत वर येत होता.

''माझीच चूक आहे,'' ती म्हणाली. ''परीक्षेच्या नादात मी पाणी नीट बदललं नाही. त्याने मला तीन दिवस सांगितलं असणार, मी बघितलंच नाही.'' आणि ती रडायला लागली.

बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आमटी माझ्या ताटात गार होत होती. मी गप्प बसलो असतो तर हे कुणाला कधी कळलं नसतं. प्राणी मेला असता, तिने आयुष्यभर पाण्याला दोष दिला असता, आणि मी चांगला बाप राहिलो असतो. डेपोवर गाडीवाले खोटं बोलतात, दुसऱ्याच नदीचं नाव सांगतात. त्यांना मी दरवेळी ऐकवतो की वाळू वाईट म्हणून नाही, खोटं बोललास म्हणून गाडी परत. हे वाक्य मी इतक्या मोठ्या आवाजात बोलतो की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही पाठ आहे. मी ताट बाजूला सारलं.

''पाण्याचं काही नाही,'' मी म्हटलं. ''त्याने खडा गिळलाय. मी बघितलं.''

तिने मान वर केली. ''कधी?''

''सोमवारी.''

''आज गुरुवार आहे.''

''हो.''

''केवढा?''

''हरभऱ्याएवढा.''

''एकच?''

''मी बघितला तो एक.''

मला वाटलं आता ती ओरडेल. त्याची मी तयारी ठेवली होती. पण तिने डोळे पुसले, बायोलॉजीची वही उघडली, आणि वार, वेळ, खड्याचा आकार असं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, ''डॉक्टरना फोन लावा.'' बाबा म्हणाली नाही.

कर्जतचे जनावरांचे डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्या घराला माझी वाळू आहे. मी त्यांना शक्य तेवढं वर्णन केलं. त्यांनी विचारलं, ''रवंथ करतं का?'' मी नाही म्हटलं. ते म्हणाले, म्हशीच्या पोटातला खिळा मी काढलाय, पण हे माझ्या हातातलं नाही. त्यांनी मुंबईतल्या एका बाईंचा नंबर दिला, त्या असेच चमत्कारिक प्राणी बघतात. त्या बाईंशी मुलगीच बोलली. मला फोन द्यायची गरज तिला वाटली नाही.

बाईंनी सांगितलं: खायला काही द्यायचं नाही. स्वच्छ पाण्याच्या डब्यात ठेवून तो डबा फ्रिजमध्ये ठेवायचा. थंडाव्याने त्याचं शरीर मंद होतं, आणि पुष्कळदा खडा आपोआप बाहेर पडतो. रोज तितक्याच गार पाण्याने पाणी बदलायचं. आठ-दहा दिवसांत नाही पडला तर घेऊन या, एक्स-रे काढू, पण ऑपरेशनची खात्री देत नाही.

आमच्याकडे श्रावण पाळतात. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी बायको फ्रिज पुसून काढते, आणि मग महिनाभर त्यात मासळीचा वासही शिरत नाही. त्या फ्रिजसमोर लाडवांच्या डब्यात अ‍ॅक्सोलॉटल घेऊन आम्ही बापलेक उभे राहिलो. बायकोने आईकडे पाहिलं. या बाबतीत शेवटचा शब्द आईचा असतो.

आईने डब्यात डोकावून विचारलं, ''जित्ता हाय ना?''

''हो आजी,'' मुलगी म्हणाली.

''मंग मटान नाय. ठेव गं.''

अशा रीतीने तो दही आणि कोथिंबिरीच्या खालच्या कप्प्यात राहायला गेला. दार उघडल्यावर उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून मुलीने डब्यावर नॅपकिन टाकला. बायकोने त्यावर कागद चिकटवला: 'उघडू नये'. फ्रिज वारंवार उघडला तर गारवा जातो म्हणून आम्ही चौघंही दूध, भाजी, सगळं एकदमच काढून घेऊ लागलो.

रोज कॉलेजला जाण्यापूर्वी ती पाणी बदलायची. एकटीला जमायचं नाही. एकाने गार पाण्याचा दुसरा डबा धरायचा, दुसऱ्याने प्राण्याला ओंजळीत उचलून त्यात सोडायचं. डबा मी धरायचो. ती ''धरा'' म्हणायची, ''जरा खाली'' म्हणायची, ''झालं'' म्हणायची. दिवसाचं आमचं बोलणं एवढंच. पहिल्या दिवशी जुन्या पाण्यात काही नव्हतं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नव्हतं. प्रत्येक वेळी ती ते पाणी पांढऱ्या ताटात ओतून बघायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचो. मला फार वाईट वाटत होतं. प्राण्याचं वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर तिने मला एकदाच काही विचारलं होतं, आणि ते मी असं घालवलं, याचं जास्त वाटत होतं.

पाचव्या दिवशी डेपोवर मी काही न ठरवता मागच्या ढिगापाशी गेलो आणि ताडपत्री वर केली. आतली वाळू कोरडी आणि रव्याहून बारीक होती. जी वाळू मी आठ वर्षं लोकांना वाईटाचा नमुना म्हणून दाखवली, तीच त्या नेटवाल्यांना हवी होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी इतरांसाठी पुष्कळदा वापरली आहे. पाटी भरली आणि घरी आणली.

आधी चाळली. डेपोची चाळण त्यासाठी फार मोठी, म्हणून मी बायकोची मैद्याची चाळणी घेतली, आणि नंतर तिने ती मलाच देऊन टाकली. मग धुवायला बसलो. दहा पाण्यांनीही पाणी चहाच्या रंगाचंच. आई ओटीवरून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

''अरं, अशी नाय धूत. सर. रोळाया लागंल.''

तांदळातले खडे काढायला आमच्याकडे तांदूळ रोळतात. परातीत पाणी घालून हाताने गोल फिरवायचं, तांदूळ वर येतो तो हळूच दुसऱ्या भांड्यात घ्यायचा, खडे जड म्हणून तळाला राहतात. आई हे सत्तर वर्षं करते आहे. आता पिशवीतल्या तांदळात खडे नसतात, तरी रोळते. तिने माझी वाळू रोळली. दोन संध्याकाळी बसली. माती वरच्या पाण्याबरोबर जात राहिली, बारीक वाळू दुसऱ्या परातीत येत राहिली, आणि मैद्याच्या चाळणीतूनही निसटलेले कण तिने तळाशी अडवले. ते तळहातावर घेऊन तिने मला दाखवले. ''हे कुनी चाळलं?'' तिने विचारलं.

मग वाळू उकळली. बायकोने जुनं पातेलं देताना विचारलं, ''शिट्ट्या किती काढायच्या?'' त्या आठवड्यात घरात कुणी हसलं ते तेवढंच, आणि तेही ती एकटीच. गार झाल्यावर वाळू ताटात पसरून मी माळ्यावर ठेवली. मुलीला ती दाखवली नाही. वाळूबद्दल तिच्याशी पुन्हा काही बोलायचं नाही, असा मी कानाला खडा लावला होता.

नवव्या दिवशी पाणी बदलताना ती ''झालं'' म्हणाली नाही. ताटात वाकून बघत राहिली. ताटात पांढरा खडा होता. त्याच्याशेजारी आणखी एक होता, राखाडी, थोडा लहान.

''दोन होते,'' ती म्हणाली.

''मी एकच बघितला होता गं. शप्पथ.''

''माहितीये.'' तिने दोन्ही खडे कागदात बांधले आणि वहीत ठेवले. मग डब्यात वाकून त्याच्याशीच काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही.

त्याला हळूहळू खोलीतल्या तापमानाला आणायला आणखी दोन दिवस गेले. त्याने गांडूळ घेतलं. टाकी पुन्हा भरायची वेळ आली तेव्हा खडे मी आधीच काढून टाकले होते, खाली नुसती काच होती. ती काचेकडे बघत होती. शेवटी मी माळ्यावरून ताट आणलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिने वाळूत बोटं घातली.

''ही कुठली?''

''मागच्या ढिगातली. नापास केलेली. आजीने रोळलीये.''

''बाबा, नक्की ना?''

जवळजवळ दोन आठवड्यांनी ती मला बाबा म्हणाली होती. माझ्या तोंडात तो शब्द आलाच होता. तो मी गिळला.

''मला माहीत नाही,'' मी म्हटलं. ''बांधकामातलं मला कळतं. ह्यातलं कळत नाही. तूच बघ.''

तिने चिमूटभर वाळू उचलली, उजेडात धरून बघितली, तळहातावर चोळली, तळहात उलटा करून झटकला. मग उरलेली चिमूट तोंडात घातली, दाताखाली धरली, आणि डोळे बारीक करून ऐकत राहिली. हे मी तिला कधी शिकवलेलं नाही. मी तेव्हा नेमका कसा उभा राहतो, मान कुठे वाकवतो, तेसुद्धा तिने तसंच केलं. करकर मला दोन हातांवरून ऐकू आली.

ती बेसिनपाशी जाऊन थुंकली आणि म्हणाली, ''चालेल. माती नाहीये.''

माझे डोळे भरून आले. दुसरं काही सुचेना, म्हणून मी तिला दात घासून यायला सांगितलं.